पोटाखालचं तेल

कृष्णमूर्तींच्या विमानाचं पोट तेलकट का होतं, याचं कारण मेलकावेरीपासून इन्नंबूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पंचाईत एवढीच, की ते कारण स्वतः मेकॅनिक वैद्यनाथ रावांनी सगळ्यांना सांगितलं होतं आणि आता त्यांचाच त्यावर विश्वास उरला नव्हता.

कृष्णमूर्तींचं कुंभकोणमात रेशमी साड्यांचं दुकान. साड्यांनी हौस भागेना, म्हणून त्यांनी इन्नंबूरच्या अलीकडे भाताची खाचरं बुजवून धावपट्टी केली आणि चाळीस वर्षांचं, एका इंजिनाचं, चार माणसांचं विमान घेतलं. ते धुणं-पुसणं आणि तेल भरणं सेतूकडे. सेतू आधी त्यांची गाडी चालवायचा. शुभकार्याला निघताना भांडं अर्धवट भरलेलं असू नये, असं त्याच्या घरी मानत. म्हणून तो रोज सकाळी हात जोडून इंजिनात आठ क्वार्टांपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ लिटरांपर्यंत, तेल भरायचा, काठोकाठ. त्या इंजिनाला सहा पुरतात. वरचं दोन क्वार्ट तेल इंजिन ब्रीदरच्या, म्हणजे वाफ सोडायच्या, नळीतून बाहेर फेकतं आणि वारा ते पोटभर फासतो. वैद्यनाथ रावांनी हे सेतूला समजावलं, तेल मोजायच्या डिपस्टिकवर सहाच्या खुणेला लाल दोरा बांधला, पोट पुसून घेतलं. सेतूनं दोऱ्याला कुंकू लावलं, पण तेल सहावर ठेवलं.

त्याला आठवडा झाला. आज सकाळी वैद्यनाथ रावांनी पोटाखालून बोट फिरवलं, तर बोट काळं.

"सार, जुनंच असणार ते," कृष्णमूर्ती तमिळमध्ये म्हणाले. "कानाकोपऱ्यातून झिरपत असेल. माझ्या दुकानातून दिवाळीच्या पिशव्या अजून निघतायत."

"असेल," वैद्यनाथ राव म्हणाले. "नसेलही."

"उद्या कुंभाभिषेक आहे सार!"

हे सांगण्याची गरज नव्हती. गावोगावच्या भिंतींवर पोस्टरं होती. पलीकडच्या गावच्या देवळाचं बारा वर्षांनी नूतनीकरण झालेलं, उद्या साडेनऊला शिखरावरच्या कलशावर पाणी पडणार आणि त्याच क्षणी आकाशातून फुलं. पोस्टरवर सर्वांत मोठे कृष्णमूर्ती, मग विमान, मग देव. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या शर्टातली वैमानिक: हरिणी, वैद्यनाथ रावांची मुलगी.

हरिणीला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली होती. विमान कंपन्या तिला उत्तरात शुभेच्छा पाठवत. उडायला मिळायचं ते फक्त या एका विमानात, आणि नोकरी टिकायची ती उद्याच्या फुलांवर. विमान उडण्याजोगं आहे ही सही करायचे वैद्यनाथ राव. एका फ्लाइंग क्लबात तीस वर्षं इंजिनं उघडून ते निवृत्त झाले होते. लायसन्स मात्र जिवंत होतं.

"एक विचारतो," कृष्णमूर्ती म्हणाले. "रागावू नका. वर दुसरा कोणी बसणार असता, तर केली असती ना सही?"

हाच प्रश्न वैद्यनाथ राव सकाळपासून स्वतःला विचारत होते. बापाची भीती हा दोष कुठल्याच मॅन्युअलमध्ये दिलेला नसतो, त्यामुळे तो दुरुस्त कसा करायचा हेही दिलेलं नसतं.

घरी इडली खाताना हरिणीनं तेच विचारलं, फक्त घरातल्या मराठीत. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरांची ही जुनी बोली ऐकून पुण्याकडचा पाहुणा आधी हसतो आणि मग हात जोडतो.

"अप्पा, तुम्ही विमान पाहतां की मजला पाहतां?"

"इंजिन पाहतों."

"मग सांगा, गळतें कोठून?"

"तेंच कळेना."

"कळेना म्हणून उडूं नको? असें तर मी घरींच बसून राहीन. तुम्हांस निवांत." तिनं ताटली उचलली. "तीन आठवड्यांमागें वर्षाची मोठी तपासणी तुम्हीच केलीत. त्या सहीवर मी चौदा वेळां उडालें. तेव्हां भय नव्हतें?"

विशालाक्षीबाईंनी मध्ये पडून चटणी वाढली. नवऱ्याला दिसावी म्हणून वाटी जरा पुढे सरकवली. हल्ली असं करावं लागे. ते पेपर हात लांब करून धरत आणि छपाई बिघडली म्हणत. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. ऑपरेशन पोंगलनंतर ठरलं होतं. कुठल्या पोंगलनंतर, ते ठरलं नव्हतं.

वैद्यनाथ राव उठले आणि बायकोच्या आरशापुढचा टाल्कम पावडरचा डबा घेऊन निघाले. "ये," ते मुलीला म्हणाले. "तुझ्यादेखतच पाहूं."

धावपट्टीवर त्यांनी काउलिंग, म्हणजे इंजिनावरची झाकणं, उतरवली. इंजिन धुऊन घेतलं, कोरडं केलं आणि सगळीकडे पावडर उडवली. कृष्णमूर्तींनी विभूतीचं ताट पुढे केलं, "हीच लावा सार, तेवढाच आशीर्वाद." ते नको म्हणाले, राख खरखरीत असते. मग हरिणीनं पाच मिनिटं इंजिन चालवून बंद केलं. युक्ती साधी आहे. तेल खाली आणि मागे पळतं, म्हणून जिथे जास्त ओलं दिसतं तिथे ते कधीच गळत नसतं. कोरड्या पावडरीत सगळ्यांत वरचा, सगळ्यांत पुढचा ओला ठिपका शोधायचा. तोच गुन्हेगार.

वैद्यनाथ रावांनी टॉर्च लावला आणि दांड्यावरचा छोटा आरसा सिलिंडरांमागे सरकवला. पांढरं. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. एकही ठिपका नाही.

"कोरडं?" कृष्णमूर्तींनी विचारलं.

"कोरडंच दिसतंय," असं ते म्हणणार होते. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांना बोल्टांवरची तार आठवली. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधलेली. मोठ्या तपासणीत त्यांनीच बांधली होती. त्यांनी आरशात ती शोधली. तार नव्हती. हात घालून चाचपलं. तार होती.

त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. पांढरं.

"हरिणी," ते म्हणाले, "हें धर. तूं पाहा."

"मी?"

"तुजला काय दिसतें तें सांग."

तिनं आरसा घेतला. सेतू फुलांच्या टोपल्यांपाशी उभा राहिला. हरिणी बराच वेळ वाकून होती. ती काहीही म्हणू शकत होती. तिनं "कोरडें आहे" म्हटलं असतं, तर ते तपासायला या धावपट्टीवर दुसरे जाणते डोळे नव्हते, आणि हे तिला कळलं आहे हे तिच्या पाठीवरूनच वैद्यनाथ रावांना कळलं.

"दुसऱ्या सिलिंडरच्या बुडाशीं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "केसाएवढी रेघ आहे, अप्पा. बोटभर लांब. पावडर भिजली आहे."

"नळी की पत्रा?"

"क्रँककेस."



"केसाएवढीच ना?" कृष्णमूर्ती म्हणाले. "काहीतरी लावून टाका की! एका फेरीचा तर प्रश्न."

"इंजिनाची कवटी आहे ती," वैद्यनाथ राव म्हणाले. "तडा वाढला की तेल जातं, तेल गेलं की इंजिन अडकतं. उद्या ते देवळावर अडकेल. खाली दहा हजार माणसं असतील. इंजिन पूर्ण उघडून वर्कशॉपला जाईल. महिने लागतील."

"मग ही तोवर काय करणार?" कृष्णमूर्तींनी हरिणीकडे बोट केलं.

"काही नाही सार," हरिणी म्हणाली. "फुलं ऑटोनं न्या. ऑटो वेळेवर पोचते."

कृष्णमूर्ती फोन कानाला लावून निघून गेले. हेलिकॉप्टर भाड्यानं मिळतं का, हे ओरडून विचारत होते.

वैद्यनाथ रावांनी लॉगबुक उघडलं. मागचं पान काढलं आणि मुलीपुढे धरलं. "वाच."

तिनं वाचलं. "क्रँककेस आरशानें तपासली. तडा नाहीं." खाली तारीख, सही, शिक्का. ती थांबली. "अप्पा, तेव्हां ही नव्हती? की तुम्हांस दिसली नाहीं?"

खोटं बोलणं सोपं होतं. इथे तपासणारं कोणी नव्हतंच.

"ठाऊक नाहीं," ते म्हणाले.

त्यांनी नवीन पानावर विमान उडण्याजोगं नसल्याची नोंद केली, अक्षरं मोठी आणि तिरकी आली. पेन खाली नेलं आणि ते कागदावर अधांतरी थांबलं.

"सही कोठें करायची?"

हरिणीनं बोट ठेवलं. बोटाला पावडर होती. त्या पांढऱ्या ठशाशेजारी त्यांनी सही केली, शिक्का उमटवला, पुसला, डबीत घातला आणि डबी तिच्या हातात दिली. मग फुलं भरलेली ऑटो मातीच्या रस्त्यावरून गचके खात जाताना ते बघत राहिले, म्हणजे ऑटोच्या आवाजाकडे तोंड करून बसले, आणि हरिणीची ती चौदा उड्डाणं एकेक करून आठवू लागले. पहिल्या दिवशी वारा होता. दुसऱ्या दिवशी ती हसत उतरली होती.