अर्धलीची शेळी

“आत्या, खरं सांग. नवऱ्यानं तुला टाकलं, का तू नवऱ्याला टाकलंस?”

प्रश्न ऋतुजाच्या तोंडून आला खरा, पण तो होता प्रियदर्शनीचा. “दम असला तर विचारून दाखव,” असं म्हणून ती आणि आणखी दोघी कुडाच्या पलीकडे तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. दहावीची परीक्षा संपली होती, ऊन मरणाचं होतं, आणि मंद्रूपमधल्या या चौघींना दुसरा उद्योगच नव्हता.

मायाक्का आत्याने शेळ्यांपुढचा बाभळीचा पाला सारखा केला. आता पाठीत धपाटा बसणार, असं वाटून ऋतुजाने अंग चोरलं. पण आत्या हसली.

“त्यानं मला टाकलं, आन् मी शेळी धरली. आन् त्या कुडामागच्या भवान्यांनाबी हिकडं बोलव. आयकायचंच हाय तर सावलीत बसून आयका की.”

पलीकडे एकदम पळापळ झाली. कुणाची तरी चप्पल मागेच राहिली. ऋतुजा मात्र हलली नाही. आत्या आपल्याच घरामागच्या परड्यातल्या खोलीत राहते, स्वतःची चूल वेगळी मांडते, हे ती जन्मल्यापासून बघत होती. कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

मायाक्का माहेरी परत आली ती एका बोचक्यानिशी. धाकट्या भावाने, जोतिरामने, म्हणजे ऋतुजाच्या आप्पांनी, परड्यातली कडब्याची खोली झाडून दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. शेजारच्या सिद्धप्पाने अर्धलीने शेळी दिली. शेळी त्याची, राखण हिची, करडं दोघांत निम्मी. त्या निम्म्यातून मायाक्काचं सगळं उभं राहिलं.

“तुझ्या बापानं सावली दिली, सिद्धप्पानं शेळी दिली. न्हाई म्हनत न्हाई, लई उपकार. पर पाला मीच तोडला बग,” असं म्हणत तिने काट्यांनी भरलेले तळवे पुढे केले.

सिद्धप्पा वारून किती वर्षं झाली. तरी अजून करडं दुधावरून सुटली की पहिला तांब्या त्याच्या घरी जातो. तो पोचवायला ऋतुजाच जायची, नाक मुरडत. का जायची, ते आज कळलं.

ऋतुजा एकदम म्हणाली, “आत्या, मलापण दे की एक. अर्धलीनं.”

त्यालाही कारण होतं. आप्पा उसाच्या ट्रॅक्टरवरून पडले होते. पायात रॉड घातलेला, काम बंद. करकंबचा मामा म्हणाला होता, “पोरगी माझ्याकडं द्या. अकरावी-बारावी मी बघतो.” मामा मनाचा सोन्यासारखा. पण त्याच्या घरात ऋतुजाला माठातलं पाणी घ्यायचं तरी आधी विचारावंसं वाटायचं. दोन वर्षं असं विचारत काढायची? तिला घरी राहून सोलापूरच्या कॉलेजात जायचं होतं. पण कुणाच्या जिवावर?

आत्याने तिला खालून वर न्याहाळलं आणि कबरी नावाच्या गाभण शेळीचं दावं हातात दिलं. “दगावलं तर दोघींचं दगावलं. रडत यायचं न्हाई.”

कबरी व्याली. दोन करडं झाली, एक बोकड आणि एक काळी मादी, पाट. पाट ऋतुजाच्या वाट्याची. ऋतुजाला आभाळ ठेंगणं झालं! प्रियदर्शनी मोबाईल घेऊन फोटो काढायला येणार, म्हणून बाईसाहेबांनी पाटीला शांपूने धुतलं, पुसलं, गळ्यात लाल रिबन बांधली. पाट कशी घमघमत होती.

कबरीने तिला एकदा हुंगलं आणि डोक्याने लांब उडवलं.

पाट पुन्हा गेली. कबरीने पुन्हा ढुशी दिली. शेळी करडाला ओळखते ती वासाने, आणि वासच ऋतुजाने धुऊन टाकला होता.

“आगं यडे, काय केलंस ह्ये!” आत्याने कपाळावर हात मारला. ऋतुजा बाटली आणायला धावली, तर तिने वेणी धरून थांबवलं. “बाटली न्हाई. बाटली लावलीस तर ती जलमभर तुझ्याच तोंडाकडं बगंल. कबरीचं दूध तिच्या अंगाला चोळ, गोठ्यातली माती चोळ, आन् कबरीला धरून उबी ऱ्हा. सड तोंडाशी ने. वडायचं तिचं तिला वडू दे.”

“तू धर की, आत्या.”

“वाट्याची तुज्या हाय.”

ऋतुजाने कबरीची मान काखेत दाबून भिंतीशी धरली. लाथा खाल्ल्या, पोटऱ्या निळ्या झाल्या. हात सुटला की ढुशी, धरलं की दूध. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, तेच. आत्या पलीकडे बसून पाला निवडायची आणि मध्येच विचारायची, “च्या पितीस का गं?” एवढंच.

आणि एका संध्याकाळी दुखरा हात सोडूनही ढुशी बसली नाही. कबरीने पाटीचं शेपूट हुंगलं आणि घशातल्या घशात हलकेच साद घातली. पाट गुडघे टेकून लुचायला लागली. ऋतुजाला ओरडावंसं वाटलं. तिने वळून पाहिलं. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. पदराने डोळे पुसत होती.

ऋतुजा घरात आली तेव्हा आई तिचे ड्रेस पिशवीत भरत होती. “उद्या मामा मोटारसायकल घेऊन येतोय. आंघोळ कर आधी, कसला वास मारतोय अंगाला!”

“आई, पिशवी रिकामी कर.” ती आप्पांच्या खाटेशी जाऊन बसली. “आप्पा, मी हितंच राहणार. एसटीनं सोलापूरला जाणार, पास पोरींना फुकटच हाय. बाकीचं मी आणि माझी पाट बघतो.”

“एका पाटीवर कॉलेज हुतंय व्हय गं?”

“आत्या एका शेळीवरच उभी राहिली की.”

परड्यातल्या खोलीतून धूर येत होता. आत्याची चूल पेटली होती. आप्पांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी उशाचा मोबाईल उचलला. “मामाला काय सांगू?”

“म्हणावं, तू बोलावलंस त्याचं लई बरं वाटलं.” ऋतुजाने केसातला पाला काढला. “आणि दिवाळीला येते म्हणावं. पाहुणी म्हणून.”