चुस्कोला गाडीत गप्प बसायला शिकवलं

कालामा या खाणीच्या गावातलं घर पुढच्या महिनाअखेर सोडायचं होतं. नोल्फाला न्यायला तिचा भाऊ एदुलिओ ओवायेहून येणार होता. पंधरा तासांचा रस्ता, बहुतेक सगळा वाळवंटातला. त्यानं फोनवर आधीच बजावलं, "तू ये, तुझी भांडीकुंडी येऊ देत. पण ते कुत्रं मागच्यासारखं करणार असेल तर मी गाडीत घेणार नाही. टँकरखाली गेलो असतो आपण."

ते काही खोटं नव्हतं. नोल्फाच्या नवऱ्याच्या, ओसमानच्या दफनाला दोघं निघाले तेव्हा चुस्को मागच्या सीटवरून थेट एदुलिओच्या मानेवर झेपावला होता.

"मग त्याचं काय करू?"

"सोड चौकात. त्याच्यासारखे पन्नास आहेत तिथं."

"तुलाच सोडते चौकात," म्हणून नोल्फानं फोन आपटला. पण भाऊ बोलतो तसंच करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हातात पाच आठवडे होते.

कुत्र्याचा तरी काय दोष? ओसमान सात दिवस वर खाणीत असायचा, सात दिवस घरी. दर दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी खाणीची बस पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर माणसं उतरवायची आणि नोल्फा चुस्कोला घेऊन तिथं गाडी लावायची. एरवी त्याला गाडीत कोण बसवणार? चुस्कोच्या लेखी गाडी म्हणजे ओसमान. इंजिन सुरू झालं की तो थरथरायचा, काचेला नाक घासायचा आणि कोपरा दिसला की त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमत नसे. नोल्फा मात्र स्टिअरिंगवरून हात काढायची नाही. चार लोकांत गळ्यात पडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. कुत्र्यानं चाटलेलं तोंड पुसत ओसमान म्हणायचा, "चला, या घरात कुणाला तरी माझी आठवण येते." आणि ही म्हणायची, "दार नीट लाव."

मार्चमध्ये तो खाणीच्या बराकीत झोपेतच गेला.

पहिला आठवडा तिनं गाडी जागची हलवलीच नाही. दार उघडं ठेवून चुस्कोच्या शेजारी बसायची, तो जरा निवला की पावाचा तुकडा द्यायची. पुढच्या आठवड्यात इंजिन सुरू, लगेच बंद. पण नुसत्या आवाजानंही त्याचा ऊर धपापायला लागायचा. तेव्हा तिला वाटलं, धन्याचा वास आला तर हा शांत होईल, म्हणून तिनं ओसमानचं कामाचं जाकीट सीटवर अंथरलं.

इथंच ती चुकली. चुस्कोनं जाकिटात नाक खुपसलं आणि तो काचेवर असा तुटून पडला की नखातून रक्त आलं. माणूस इथंच कुठंतरी आहे, याचा त्याला पुरावाच मिळाला होता. जाकीट काढून घेतलं तर तो सीट उकरायला लागला.

डिझेल, घाम आणि ओसमान चोरून ओढायचा त्या सिगारेटी, सगळं त्या कापडात होतं. नोल्फा स्वतः रोज त्यात तोंड खुपसून बसायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दहा दिवस उरले तेव्हा तिनं जाकीट बादलीत भिजवलं. एकदा धुतलं, हुंगलं, पुन्हा धुतलं. कालामाच्या उन्हात ते तासाभरात वाळलं. साबणाशिवाय कशाचाही वास राहिला नव्हता, आणि ती अंगणात दोरीखाली उभी राहून रडली.

धुतलेल्या जाकिटाभोवती चुस्को दोनदा फिरला आणि आडवा झाला. मग एक गल्ली, दोन गल्ल्या, बाजारापर्यंत जाऊन परत. कुठंही कुणी गाडीत चढलं नाही. रोज थोडं थोडं करत कुत्र्यानं नाद सोडला.

एदुलिओ आला, सामान चढलं, संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ते निघाले. मंगळवार होता, पण एदुलिओला त्याचं काय! हमरस्त्याला लागायचं तर पेट्रोल पंपावरूनच जावं लागतं. कोपऱ्यावर बस उभी होती. पिशव्या खांद्याला लावलेली माणसं एकेक करून उतरत होती. एदुलिओनं मान आखडून घेतली.

चुस्कोनं डोळे उघडले, बसकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"कमाल केलीस, नोल्फा," एदुलिओ म्हणाला. "पार माणसात आणलंस की त्याला!"

"भुंक ना रे," नोल्फा मागं वळून म्हणाली. "एकदा तरी भुंक."

तो हलला नाही. तेव्हा नोल्फानं काच खाली केली, खांद्यापर्यंत बाहेर वाकली आणि एकोणीस वर्षांच्या संसारात कधी मारली नव्हती तशी हाक मारली, "ओसमान!" उतरणाऱ्यांतल्या दोघांनी वळून पाहिलं. शेवटचा माणूस उतरला आणि बसचं दार लागलं.

"अगं, डोकं आत घे! वेड लागलं का तुला? गप्प बस!" एदुलिओ तिचा दंड धरून ओढत होता.

मागच्या सीटवर चुस्को जाकिटावर हनुवटी टेकून शहाण्यासारखा पडला होता.