मुख्य संशोधक: दादा

केडगावच्या एका कॉलेजात इतिहासाचे विभागप्रमुख आप्पासाहेब यांना प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे 'दादा' म्हणत. दादांना ते इतकं आवडे की खरं नाव ते फक्त आधार कार्डावर चालवून घेत.

दार-ए-सलामच्या एका विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प ठरला: निजामशाहीत आफ्रिकेतून नगरला आलेल्या हबशांचा शोध. म्हणजे ठरवला दादांनी आणि केला रुपालीने. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी ही बाई एसटीने थेट खर्ड्यापर्यंत फिरली. थडग्यांवरचे लेख उतरवले, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. दादा उद्घाटनाचा नारळ फोडून आले.

केलेल्या कामावर आपलं नाव यावं, एवढंच रुपालीला हवं होतं. त्या नावावर कुठे कायमची नोकरी तरी मागता आली असती. तिने चारदा सुचवून पाहिलं.

"अगं, तुझं नाव माझ्या काळजात कोरलंय की!" दादा म्हणाले. "आता तिकडं पक्क्या करारासाठी मेल कर. मुख्य संशोधक, नुसतं 'दादा' टाक. तिकडच्या मान्सांनीबी प्रेमानं वळखलं पायजे."

तोंड कडू करून तिने तसंच टाइप केलं.

आठ दिवसांनी करार आला. मुख्य संशोधक: रुपाली.

"ह्ये काय केलंस?" दादा कडाडले.

"तुम्ही सांगितलं तेच टाइप केलं, दादा." तीही गोंधळली होती. मग तिकडच्या प्रा. नीमांचं सोबतचं पत्र तिने वाचलं आणि तिला हसू आवरेना. "स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. आपण दर मीटिंगला दादा-दादा करतो, आणि उत्तरं मी देते. त्यांना वाटलं, ती बहीण मीच."

"बहीण?" दादांचा हात मिशीकडे गेला. "मग भावाला काय म्हनत्यात?"

"काका."

साठीला टेकूनही केस काळेभोर ठेवणाऱ्या माणसाला हाच घाव जास्त लागला.

"आज व्हिडिओ कॉल हाय ना? मीच सांगतो, मुख्य संशोधक मी हाय म्हनून."

चुकून का होईना, रुपालीचं नाव आलं होतं. ते आता तिच्या डोळ्यांदेखत जाणार होतं. तिला रागही आला आणि रडूही आलं.

कॉलला दादा कोट घालून मधोमध बसले, रुपाली कडेला. घसा खाकरून त्यांनी खुलासा केला. नीमाबाईंनी मनापासून माफी मागितली, नाव लगेच बदलते म्हणाल्या. "फक्त सह्यांआधी एक सांगा. खर्ड्याजवळच्या थडग्यातला माणूस साधा शिपाई नव्हता, सरदार होता, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

दादांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. समोरच्या फाईलकडे पाहिलं. ती त्यांनी कधी उघडलीच नव्हती. मग सहा वर्षांच्या सवयीने त्यांची मान कडेला वळली.

"रुपाली, सांग गं."

रुपालीने सांगितलं. लेखातली पदवी, गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष, जुन्या सनदेतलं नाव, सगळं. वीस मिनिटं ती बोलत होती आणि नीमाबाई भराभर लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दादांना विचारलं, "तर करारावर नाव कुणाचं घालू?"

दादांनी समोरची फाईल रुपालीकडे सरकवली. इंग्रजी काही सुचेना, तेव्हा मराठीतच पुटपुटले, "हाय त्येच ऱ्हाऊ द्या."

ह्या वाक्याचं भाषांतरही रुपालीलाच करावं लागलं. ते तिने दोनदा केलं.