सुई उचलायला कुणीतरी हवं

“ताई, एक लक्षात ठेवा. तबकडी संपली की याचा दांडा आपोआप उठत नाही. कुणीतरी हाताने उचलावा लागतो. याला एकटा सोडून जाऊ नका.”

दुरुस्तीवाल्याने असं बजावलं तेव्हा छोटीच्या आईच्या कडेवर छोटी होती, काखेत मी होतो आणि खांद्यावरून पिशवी घसरत होती. “हो हो, सांगते काकांना,” असं म्हणत ती दुकानाच्या पायऱ्या उतरलीसुद्धा. रस्ता ओलांडेपर्यंत विसरूनही गेली. तिच्या डोक्यात छोटीचा खोकला होता.

मित्रांनो, एकटा सोडू नये असा तो मीच. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. टेबलांच्या रांगेत बसलेल्या बायकांपैकी एकीने माझ्या दांड्याला सुई बसवली, तिच्यावर हलकेच फुंकर मारली आणि म्हणाली, “जा बाबा, चांगल्या घरी पड.”

मी चांगल्याच घरी पडलो. माझे मालक रेडिओ केंद्रात तबकड्यांची कपाटं सांभाळायचे, म्हणून सगळे त्यांना तबकडीकाका म्हणत. लग्न झाल्यावर काका-काकूंनी सोफ्याच्या आधी मला घेतलं. पाहुण्यांना ते सतरंजीवर बसवायचे, पण ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. माझा आवाज ऐकून लोक मान डोलवत, माझ्या लाकडावरून हात फिरवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे काकू गेल्या. मुलगा दूरदेशी नोकरीला गेला. लोकांच्या खिशात गाणारे फोन आले आणि “हा डबा अजून ठेवलाय होय?” असं मला माझ्या तोंडावर विचारलं जाऊ लागलं. एक दिवस तबकडी फिरवणारा माझा पट्टा तुटला. काकांनी माझ्यावर काकूंचा जुना टेबलक्लॉथ पांघरला आणि मी धूळ खात पडलो.

मला पुन्हा उजेडात आणलं ते शेजारच्या छोटीच्या आईने. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना नव्या तबकड्या पाठवल्या होत्या. त्या वाजवायच्या कशावर? काकांचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. तेव्हा तीच म्हणाली, “द्या इकडे, मी नेते दुरुस्तीला.”

या नव्या तबकड्यांवर शास्त्रीय संगीत होतं, पण आजचं. आज हयात असलेल्या माणसांनी रचलेलं. काकांना त्याचं भारी वेड. “अगं, शास्त्रीय म्हटलं की लोकांना वाटतं, रचणारा फोटोत असला पाहिजे, फोटोला हार असला पाहिजे,” ते छोटीच्या आईला म्हणायचे. “हे जिने रचलंय ना, ती आत्ता कुठेतरी भाजी निवडत असेल. मेलेल्यांचं ऐकायला सगळे तयार. जिवंत माणसाकडे कान कोण देतो?”

काकांची बैठकीची खोली आणि छोटीची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. छोटी दुपारी झोपायची तेव्हाच काका मला लावायचे, हळू आवाजात. आज काय वाजणार ते सकाळी गॅलरीतूनच सांगून ठेवायचे. “आज एकच चेलो आहे, व्हायोलिनचा तो मोठा, खर्जातला भाऊ. एकच सूर बराच वेळ धरलाय. तो संपत नाही, फक्त पातळ होत जातो, तिकडे लक्ष दे.” किंवा, “आज माणसं नुसती गुणगुणतात, शब्द नाहीत. स्वयंपाक करताना ऐकू नकोस, भाजी करपेल.” एकदा पियानोचे चार सूर वाजले. तेच चार, पुन्हा तेच, आणि प्रत्येक फेरीत त्यातला एक थोडासा सरकायचा. “आधी कंटाळा येतो,” काका म्हणाले होते. “तेव्हा उठायचं नाही. कंटाळ्याच्या पलीकडे खरी गंमत असते.”

छोटीच्या बाबांना यातलं ओ की ठो कळायचं नाही. भिंतीला कान लावून ते म्हणायचे, “हे संगीत आहे की मी प्लंबरला बोलावू?”

छोटीची आई मात्र ऐकायला शिकली. तशी फार घाबरट बाई. झोपलेल्या छोटीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघणारी. पण त्या दुपारच्या वेळात तिचे खांदे जरा सैल पडायचे. संध्याकाळी काकांना सांगायची, “आज मला तो सरकलेला सूर कळला.” मग काकांचा चेहरा असा खुलायचा की काकू असतानाचे दिवस मला आठवायचे.

त्या दिवशी सकाळी काका म्हणाले, “आज जरा अवघड आहे बरं का. शेवटी नुसती लाकडावरची टकटक उरते. धीर सोडू नकोस. अगदी शेवटी ती बदलते.”

दुपारी त्यांनी सुई टेकवली आणि खुर्चीकडे वळले. खुर्चीपर्यंत पोहोचलेच नाहीत. टेबलाचा कोपरा पकडायला गेलेला हात माझ्याशेजारी काढून ठेवलेला टेबलक्लॉथ घेऊन खाली आला. मी वाजतच राहिलो. टकटक आली, बदलली, तबकडी संपली. सुई शेवटच्या खाचेत शिरली आणि तिथेच फिरू लागली. खर्र, टक. खर्र, टक.

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे आवाज पोचवले. त्या दुपारी पहिल्यांदाच मी स्वतःचं काही बोलत होतो. मला तेवढंच बोलता येत होतं. कुणीतरी या, असं मी भिंतीपलीकडे सांगत होतो.

पलीकडून तिचा आवाज आला, “किती सुंदर आहे हे!”

माझ्या स्वतःच्या आवाजाचं तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

“आज मात्र नक्की नळच गळतोय,” छोटीचे बाबा म्हणाले.

“शू! काका म्हणालेत, अगदी शेवटी बदलतं. थांब ना जरा.”

ती थांबली. छोटीला थोपटत, कपड्यांच्या घड्या घालत, कंटाळ्याच्या पलीकडे जाऊन बसली. मी टकटकत राहिलो. काका जमिनीवरून माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

दिवेलागणीला छोटी उठली. डोळे चोळत थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “आई, हे बदलतच नाहीये गं.”

त्यानंतर भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धावत्या चपला ऐकू आल्या. काकांनी तिच्याकडे ठेवलेल्या किल्लीने तिने दार उघडलं. आत आल्यावर ती काकांपाशी बसली आणि तिचं बोट आपोआप त्यांच्या नाकाखाली गेलं. श्वास चालू होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, “केव्हा पडले?”

“माहीत नाही... दुपारपासून वाजत होतं.”

“काय वाजत होतं?”

हे छोटीचे बाबा नंतर जिन्यात कुणालातरी सांगत होते.

काका पुन्हा बोललेच नाहीत. काही दिवसांनी गेले. त्यांच्या मुलाने तबकड्यांसकट मला छोटीच्या आईकडे दिलं. तिने मला कपाटावर ठेवलं, वर तोच टेबलक्लॉथ घातला. त्या घरात घड्याळाची टिकटिकसुद्धा तिला सोसेना, तिने ते काढून ठेवलं. मला वाटलं, आता मी कायमचा मुका झालो.

पण छोटी मोठी होत होती. एक दिवस तिने हट्टच धरला, “काकांचं ते सरकणारं गाणं लाव.” आईने कापड काढलं, धूळ पुसली, पियानोची तबकडी लावली. ती संपेपर्यंत माझ्या दांड्याजवळ हात धरून उभी राहिली. शेवटचा सूर विरला आणि तिने सुई अलगद उचलली.

आता छोटीच्या आईकडे माणसं ऐकायला येतात. मित्रांनो, तुम्हीही हे संगीत जरूर ऐका. तो पातळ होत जाणारा चेलो ऐका, बिनशब्दांचं गुणगुणणं ऐका. ज्यांनी ते रचलंय ती माणसं अजून आपल्यात आहेत. आणि माझ्यासारखं जुनं यंत्र घरात असेल तर ते चालू ठेवून निघून जाऊ नका.

आलेल्यांना ती काकांसारखंच सगळं समजावते, कंटाळा येईल हेसुद्धा सांगते. मग सुई तबकडीवर धरून थांबते आणि विचारते, “तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं का? आज बोललात त्यांच्याशी? मग जा, आधी दार वाजवून या. तोवर मी सुई टेकवत नाही.”