परत न आलेली घंटी

“झोपेत गेल्या म्हणालात. खोटं बोललात तुम्ही, सरळसरळ खोटं. कुणाला मूर्ख समजता?”

सर हे फळ्याला म्हणाले आणि डस्टर मारून फळा पुसला. बाकांवरच्या नर्सबायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सवयीचंच होतं. बायको इस्पितळात वारली तेव्हापासून सर तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी असेच भांडायचे, घरी भिंतीशी, वर्गात फळ्याशी. प्रत्यक्षात डॉक्टर व्हरांड्यात गाठ पडल्यावर चालता चालता “शांतपणे, झोपेत गेल्या हो” म्हणायचे, आणि सर मान डोलावून परत यायचे.

घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, तेव्हा वर्गातली तास संपल्याची घंटी सरांनी तिच्या उशाशी ठेवली होती. टेबलावरची, वर टपली मारली की वाजणारी. इस्पितळात नेताना ती पिशवीत घातली त्यांनीच. पिशवी परत आली. कंगवा आला, चष्मा आला, शाल आली. घंटी आली नाही. तरी ती घरात वाजायची. हातातला चहा तसाच ठेवून सर “आलो” म्हणायचे, आणि रिकाम्या खाटेपाशी जाऊन उभे राहायचे.

“सर, परीक्षा डोक्यावर आलीय,” पुढच्या बाकावरची म्हणाली. तिला सगळ्या जाडी म्हणायच्या. “नोकरी देण्याआधी परदेशातले लोक आमचं इंग्रजी तपासणार, फळ्याचं नाही.”

सरांनी दोन शब्द लिहिले. डेथ, डाइंग. लगेच हातानंच पुसले आणि लिहिलं, ट्रीटमेंट, ट्रीटिंग.

“दोन्ही नामाच्याच जागी बसतात. पण ट्रीटमेंट म्हटलं की मध्ये ‘ऑफ’ लागतो. ट्रीटमेंट ऑफ द पेशंट. हे नाम पेशंटला स्वतः हात लावत नाही, मध्ये शिपाई उभा करतं. ट्रीटिंग द पेशंट म्हणा, मध्ये कुणी नाही. त्यात क्रियापदाची धग अजून आहे. कुणीतरी काहीतरी करतंय.”

“म्हणजे ट्रीटमेंट डॉक्टरसाहेबांची आणि ट्रीटिंग आमचं,” जाडी म्हणाली.

वर्ग खो खो हसला. सरही हसले.

“एकेक वाक्य करा आता. ‘आयएनजी’वालं. पुस्तकातलं नको, तुमच्या कामातलं.”

जाडीनं बेडपॅनचं वाक्य करून पुन्हा हशा पिकवला. मग शेवटच्या बाकावरची उठली. त्याच इस्पितळात कामाला होती ती. वर्गात कधी बोलायची नाही म्हणून तिचं नाव पडलं होतं मुकी.

“आय रिमेंबर अ पेशंट रिंगिंग अ बेल.”

“छान. पण खाटेला बटण असतं ना? बेल कुठली?”

“बटण बिघडलं होतं, सर. तिनं घरून आणली होती. टपली मारायची.”

कुणी हसलं नाही. सरांनी टेबलाकडे पाहिलं. घंटी जिथे असायची तिथे रंग न उडालेला एक गोल होता.

“आपल्या भाषेत सांग गं.”

मुकीनं नकारार्थी मान हलवली. “वॉर्डातलं बाहेर बोललं तर नोकरी जाते. घर माझ्या एकटीवर आहे.” ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. “वाक्य करायला मनाई नाही.”

“मग कर.”

“द नर्स वॉज टोल्ड टू टेक अवे द बेल.”

“टोल्ड बाय हूम?”

“बाय द बिग डॉक्टर. ही वॉज ट्राइंग टू स्लीप.”

साहेबांची झोपमोड होत होती. सरांनी खडू खाली ठेवला.

“पुढचं.”

“आय रिमेंबर हर टॅपिंग द बेड.” मुकीनं तळहात बाकावर आपटून दाखवला, अगदी हलकेच, पुन्हा आणि पुन्हा. “टिल मॉर्निंग.” मग तिनं विचारलं, “बरोबर आहेत का, सर, वाक्यं?”

“बरोबर आहेत. बस.”

सर त्याच दुपारी इस्पितळात गेले. या वेळी व्हरांड्यात थांबले नाहीत. दार ढकलून सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

“पुन्हा तुम्ही? अहो, मृत्यूचं कारण दाखल्यावर लिहून दिलंय ना?”

“मृत्यूचं नाही विचारत मी.”

“मग? कुणी काही सांगितलं का तुम्हाला?”

“कोण सांगणार? एक वस्तू परत आली नाही, तेवढी न्यायला आलोय.”

“वस्तूंचं खाली विचारायचं हो. आणि असं न विचारता आत यायचं नाही.” शिपायाला बोलावण्यासाठी डॉक्टरांनी फायलींच्या आडून हात लांबवला आणि टपली मारली.

“आलो,” सर म्हणाले.

म्हटल्यावर त्यांना कळलं की या खेपेला ती खरोखर वाजली होती. त्यांनी फायली बाजूला सारल्या. घंटीच्या कडेच्या खाचेत खडूची पांढरी पूड अजून तशीच होती. दारात शिपाई येऊन उभा राहिला. सरांनी घंटी उचलली नाही, नुसतं तिच्यावर बोट ठेवलं. फळ्यासमोर घोकलेलं सगळं भाषण आठवत होतं, त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

“ही माझ्या बायकोच्या उशाशी होती,” ते म्हणाले. “तुमच्या टेबलावर कशी आली? सांगा.”