तीन वेळा कात्री

गणिताच्या बाईंनी फॉर्म तिसऱ्यांदा टेबलावरून मुख्याध्यापकांकडे सरकवला आणि या खेपेस तो लगेच परत येऊ नये म्हणून त्यावर बोट टेकवून ठेवले.

मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. फॉर्मवरचा मजकूर त्यांना एव्हाना पाठ झाला होता. ‘शिक्षकांची वर्षभरातील व्यावसायिक कामगिरी’ या मथळ्याखाली बाईंनी सरळ, सुबक अक्षरात एकच नोंद केली होती : ‘पहिल्या घटक चाचणीत सहावीतल्या एका मुलीचे बरोबर उत्तर मी चूक ठरवले. दीड महिन्याने ते माझ्या लक्षात आले. वर्गासमोर चूक कबूल केली आणि त्या मुलीकडून तिची रीत शिकून घेतली.’

शाळा खासगी होती, नावाजलेली होती आणि दर वर्षी एक गुळगुळीत पुस्तिका काढत होती. कोणी कुठल्या परिषदेत निबंध वाचला, कोणाला कसले मानचिन्ह मिळाले, हे पालकांनी त्यात पाहावे आणि निर्धास्त व्हावे, हा हेतू. यंदा त्याला गुणांची जोड मिळाली होती. निबंधाला पाच, कार्यशाळेला दोन. मागची दोन वर्षे ज्याचे पान कोरे होते आणि यंदाही ज्याला एकही गुण नाही, त्याचा वर्ग काढून घेऊन त्याला परीक्षा विभागात बसवायचे, असे व्यवस्थापनाने ठरवले होते. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत कमालीचा उत्साह संचारला होता. संगीताच्या सरांनी भाचीच्या लग्नातले गाणेही ‘निमंत्रित कलाकार’ म्हणून नोंदवून टाकले होते. चित्रकलेच्या बाई म्हणत होत्या की आता शिंकले तरी प्रमाणपत्र मागून घ्यावे.

गणिताच्या बाईंची मागची दोन्ही पाने कोरी होती. परीक्षा विभाग म्हणजे काय, हे सव्वीस वर्षे शिकवल्यावर त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांनी दिलेल्या गुणांच्या बेरजा करायच्या, आणि खडूला हात न लावता निवृत्तीपर्यंत पोहोचायचे.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. बाईंसाठी त्यांनी एक वाट काढून ठेवली होती. ‘उत्तरपत्रिका तपासण्याची नवी पद्धत विकसित केली’ एवढेच लिहावे. दोन गुण बसतात, वर्ग राहतो, आणि ते फारसे खोटेही नाही.

“फारसं म्हणजे किती?” बाईंनी विचारले.

“बाई, समजून घ्या. ही पुस्तिका पालकांच्या हातात जाते. आमच्या शिक्षकांना तपासता येत नाही, असं आपणच छापून वाटायचं?”

“एकदा आलं नाही. तेवढंच लिहिलंय.”

“पण ही कामगिरी कशी काय होते?”

“या वर्षी याहून मोठं काही माझ्या हातून झालं नाही.”

मुख्याध्यापकांनी उसासा टाकला. मग वर्ग गेला तर आपल्याला बोल लावू नये, असे ते म्हणाले. बाईंनी लावणार नाही असे सांगितले. मात्र ओळ खोडायची असेल तर ती त्यांनीच खोडावी, आपला हात त्याला लागणार नाही, हेही सांगितले. बोट फॉर्मवरून हलले नाही.

मुख्याध्यापक स्वतः गणिताचेच. खुर्ची मिळाल्यापासून वर्ग सुटला होता, पण खोड गेली नव्हती. असे होते तरी कोणते गणित, हे त्यांना विचारल्यावाचून राहवेना.

बाईंनी एक कोरा कागद ओढून घेतला. ‘एका कागदी पट्टीचे आठ समान तुकडे करायचे आहेत. कात्री कमीत कमी किती वेळा चालवावी लागेल?’ प्रश्नाखाली त्यांनी मुलीचे उत्तर लिहिले : तीन.

“तपासा,” त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक हसले. सापळा त्यांच्या जुन्या ओळखीचा होता; वर्गावर असताना हाच प्रश्न त्यांनीही कैकदा घातला होता. घाईची मुले आठ लिहून मोकळी होतात. शेवटच्या तुकड्यासाठी वेगळे कापावे लागत नाही, म्हणून सात. त्यांनी लाल पेनाने तीनवर ठसठशीत फुली मारली, शेजारी सात लिहिले आणि राहवले नाही म्हणून खाली जोडले, ‘नीट विचार करा.’

“मीही हेच लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या. “शब्द न् शब्द.”

त्यांनी कागदाच्या कडेची लांब पट्टी फाडली आणि टेबलावरची कात्री घेतली. पट्टी मधोमध कापली. दोन्ही अर्ध्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पुन्हा कापले. चारांची चळत नीट जुळवली आणि तिसऱ्यांदा कात्री चालवली. टेबलाच्या काचेवर आठ तुकडे पडले.

“तिची आई शिवणकाम करते,” बाई म्हणाल्या. “एकेक थर सुटा कापत बसली तर दिवस पुरायचा नाही, म्हणाली पोरगी.”

मुख्याध्यापकांनी तुकडे मोजले. मग एकावर एक ठेवून कडा जुळतात का, तेही पाहिले. प्रश्नातल्या ‘कमीत कमी’ या शब्दांवर त्यांची नजर बराच वेळ राहिली. अखेर त्यांनी स्वतःच्या फुलीवर आडवी रेघ ओढली. गुण बदलला की शेजारी छोटी सही आणि तारीख हवीच, हा नियम त्यांनीच शाळेला घालून दिलेला. हात सवयीने तिथवर गेला, अडखळला, आणि त्यांनी सही केली.

“आता याचं मी काय करू?” त्यांनी कागदाकडे पाहत विचारले.

“ते तुमचं तुम्ही बघा, सर. माझं मी लिहिलंय.”

घंटा झाली. सहावीचा तास होता. बाई उठल्या, फॉर्म तिथेच ठेवला आणि परवानगी न मागता बाहेर पडल्या.

दारात त्यांना वाट देऊन लिपिक आत आला. पुस्तिकेचा मजकूर नेण्यासाठी छापखान्याचा माणूस खाली थांबला होता. मुख्याध्यापकांनी बाईंचा फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. लिपिकाने त्यावर नजर टाकली आणि नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“सर, हे असंच छापायचं?”

“असंच. काना-मात्रा बदलायची नाही.”

लिपिक गठ्ठा उचलून दारापर्यंत गेला.

“थांबा,” मुख्याध्यापक म्हणाले. “सगळ्यात वरचं पान परत द्या.”

वरचे पान त्यांचे स्वतःचे होते. टंकलिखित चौदा ओळी आणि खाली लफ्फेदार सही. त्यात काही राहिले का, असे लिपिकाने अदबीने विचारले; राहणे शक्य आहे असे त्याच्या आवाजावरून वाटत नव्हते.

मुख्याध्यापकांनी लाल पेन बाजूला ठेवले आणि निळे घेतले.

“बसा जरा,” ते म्हणाले. “एकच ओळ आहे, पण कुठल्या सालापासून सुरू करावी, ते आठवावं लागेल.”