वृषभ, तीन रुपये रोज

खेमराज गुरुजींचा फोन दिवसाला तीन रुपये खायचा आणि वर त्यांनाच त्यांची रास सांगायचा. पैशांचं दुःख होतंच. पण खरा संताप राशीचा. अर्जुनी मोरगावच्या बुद्ध विहारात तीस वर्षं हा माणूस भाषणांतून पत्रिका-पंचांगावर तुटून पडलेला, आणि त्याच्याच खिशात रोज सकाळी भविष्य! कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "सर, एक नंबर दाबून आपणच सेवा सुरू केलीत." चोराच्या उलट्या बोंबा! दाबला होता एक, पण तो त्या हिंदीत बडबडणाऱ्या बाईला गप्प करायला. बरं, बंद करायचं तर मेसेज पाठवा. मेसेजला बॅलन्स हवा, आणि बॅलन्स टाकला रे टाकला की रास तो गिळून मोकळी.

त्या रविवारी रचनाची, त्यांच्या मुलीची, सोयरीक पक्की करायला गोंदियाहून पाहुणे आले. मुलगा राजदीप रचनाला आवडला होता. त्याचे वडील उदाराम यांनी मागे दबकत जन्मवेळ विचारली, तेव्हा गुरुजींनी त्यांना चांगलं झाडलं होतं, "छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ना आपण हे? काऊन विचारून राहिले?" पत्रिका पाहायची नाही, या एका अटीवर गुरुजी तयार झाले होते.

पोहे झाले. आपला नवा नंबर टाकून द्यायला उदारामांनी गुरुजींचा फोन हातात घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "वृषभ. आज घर में विवाह के योग. तीन रुपये कटे."

"गुरुजी," उदारामांना हसू आवरेना, "आमाले रागावता, अन् तुमी त पैसे देऊन पाहून राहिले!"

"मी नाही लावलं! कंपनीनं लावलं!" गुरुजींनी एक दाबल्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत गेलं. रचना मान खाली घालून बसली.

"लाजता कायले, गुरुजी?" उदाराम म्हणाले. "सांगा पोरीची जन्मवेळ."

"नाही सांगत!"

"पहाटचे चार वाजून वीस मिनिटं," दारात उभ्या असलेल्या ललिताबाई म्हणाल्या.

गुरुजी गर्रकन बायकोकडे वळले. "तू काऊन सांगितलं?"

"मले वाटलं, आता तुमीबी मानून राहिले," त्या गोंधळून म्हणाल्या. "रोज सकाळी उठल्याबरोबर पयले तेच वाचता ना."

वाचत होते खरे. शिव्या द्यायला वाचत होते, पण शेवटपर्यंत वाचत होते.